ओठावर न येणारा शब्द

दवनीवाडा, रविवार, दिवेलागण

नात परदेशात वाढली, तिला मराठी येत नाही. तिच्याशी बोलता यावं म्हणून हवेचे इंग्रजी शब्द शिकून राहिलो. क्लाउडी, फॉगी, ड्रिझल. शाळेतल्या कवितेसारखे, चालीवर. आज फोनवर म्हणालो, ‘क्लाउडी.’

‘नाइस, आबाजी!’

नाइस? शेतातल्या बांधीत कापलेल्या धानाच्या कडपा उघड्यावर वाळत पडल्या आहेत. त्या वर्षी अशाच आभाळाखाली आम्ही नवराबायको कडपा झाकत होतो, मी शाळेतली कविता म्हणत. ‘कविता कायले म्हणता जी, ताडपत्री धरा!’ ही ओरडली. दुसरं टोक माझ्याच हातात होतं. मग वीज.

नातीनं आज विचारलंच, आजी कशी गेली? लाइटनिंग. शब्द पाठ आहे, पण ओठावर येईना. पुन्हा ‘क्लाउडी’ एवढंच म्हणालो.

फोन ठेवला, तरी मूठ आवळलेलीच. ते टोक अजून सुटत नाही.