आत्याने पाठवलेलं नाव

ती. आईस,
अमरचा आणि माझा नमस्कार.

आधी झालेलं क्रमाने लिहिते.

१. ऑगस्टमध्ये, पाचव्या महिन्यात, माझं बाळ पोटातच गेलं. दिवस राहिल्याचं सातव्या महिन्यात कळवायचं ठरलं होतं, म्हणून तुम्हाला काहीच माहीत नाही.
२. मुलगी होती. तिचं नाव आम्ही ‘मिरेय’ ठरवलं होतं.
३. भुपेंद्रने त्याच्या मुलीसाठी आत्या म्हणून माझ्याकडे फ्रेंच नाव मागितलं, तेव्हा मी तेच फ्रेंच स्पेलिंगमध्ये लिहून पाठवलं.

मी जेवते, प्रयोगशाळेत जाते. रडू येत नाही. इथे ग्रेनोबलला थंडी सुरू झाली आहे. तुझा गुडघा कसा आहे?

रविवारी फोनवर तुमचा वाद ऐकला. भुपेंद्र म्हणाला, “लिहिलं हाये तसंच म्हनू, मिरेइल.” बाबा म्हणाले, “कायले जीभ वाकडी करता? मीरा म्हना ना!” तू म्हणालीस, “मले तं मिरीच जमते.” सगळे हसलात आणि खरा उच्चार मला विचारलात. मी फोन ठेवला. नेटवर्क गेलं नव्हतं. ते नाव मी अजून एकदाही मोठ्याने उच्चारलेलं नाही.

धान घरी आलं की तीस नोव्हेंबरला बारसं आहे. गेलेल्या बाळाचं नाव या बाळाला चालेल का, हे तृप्तीवहिनीला सगळं सांगून विचार. चालत असेल तर फोन बाळाच्या कानाशी धरा, मी म्हणेन. नसेल तर दुसरं नाव पाठवते.

वीस तारखेपर्यंत कळव.

तुझी,
उर्वशी