वाईचं बोलावणं

॥ श्री ॥
आष्टा, ५ जानेवारी २०२६

चि. सौ. क्रांतीस अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून हसशील. पण फोनवर मला नीट ऐकू येत नाही, स्पीकर लावला की माझ्याआधी शेजारच्या मनुबाईंना कळतं, आणि मोबाईलवर आलेलं सगळं घर वाचतं. हे आपल्या दोघी बहिणींतच राहिलं पाहिजे.

आपल्या कृष्णातचा फोन आला होता. आमच्या सूनबाई शिवांजलीने ऐकून मला सांगितला. भाऊराया म्हणतात, "अक्का, लय वर्सं झाली, आपण तिघं भावंडं कुठं गेलोच न्हाई. दोन दिस वाईला जाऊ." वाटेत म्हसव्याचा जुना वड दाखवणार, मेणवलीचा घाट दाखवणार, राहायची सोय तोच करणार आणि गाडी घेऊन मला न्यायला थेट आष्ट्याला येणार. फौजेतून सुटून बावीस वर्षं झाली त्याला. तेवढ्या वर्षांत मला कराडच्या स्टँडच्या पुढे कधी नेलं नाही, आणि आता वड दाखवतोय.

माझा संशय सांगते. बाबा गेल्यावर गावच्या जमिनीला आपल्या तिघांची नावं लागली. दिवाळीत कृष्णातचा जयराज सगळ्यांसमोर म्हणाला, की आत्यांची नावं असल्यामुळे साध्या ठिबकच्या अर्जालाही सह्या गोळा करत फिरावं लागतं. त्याला दोन महिने होतात न होतात तोच हे बोलावणं. तेही शुक्रवारी निघायचं. लोक शनिवार-रविवार फिरतात गं, शुक्रवारी कचेऱ्या उघड्या असतात. वर आधार कार्ड आणायला सांगितलंय. दस्त आता जिल्ह्यात कुठेही नोंदवता येतो, असं आमचे हे पेपरात वाचून सांगतात. मग आपल्या गावचा कागद वाईत का होणार नाही?

हक्कसोड कसं करतात ते आपल्याला शिकवायला नको. बहिणीने सही करायची, भावाने साडी द्यायची, आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. मला जमीन कसायची नाही, विकायची तर मुळीच नाही. पण उताऱ्यावर बाबांच्या जागी आपली नावं दिसतात, ते बघून मला बरं वाटतं. नाही म्हणावं तर माहेर तुटतं, हो म्हणावं तर नाव जातं. तुला काही माहीत असेल तर कळव. उदयसिंहांना नमस्कार.

तुझी माया पूर्वीसारखीच असू दे.
तुझी,
अक्का


मलकापूर, १० जानेवारी २०२६

तीर्थरूप सौ. अक्कास क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखं गोल आहे, आणि स्वभावही शाळेतलाच. तेव्हा माझ्या दप्तरात कैऱ्या शोधायचीस, आता दादाच्या गाडीत कागद शोधतेस. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. तुझं तर अजून दूधही उतू गेलेलं नाही.

अगं, शनिवार-रविवारी वाईत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून शुक्रवार. आधार कार्ड तर हल्ली प्रत्येक लॉजवाला मागतो. मालन वहिनीसुद्धा येणार आहे, तिने शेंगदाण्याच्या पोळ्या करायला घेतल्यात. दादा साठीला आला, त्याला बहिणींची आठवण येऊ नये का?

आणि समज, कागद काढलाच, तर काय बिघडलं? आपण दोघी काय नांगर धरणार आहोत? सगळ्याच बहिणी करतात. भाऊ घरी बोलावतो, ताटाला ताट लावून बसवतो, यापेक्षा जास्त काय पाहिजे? तू डोकं शांत ठेव आणि ये. मी तुझ्या शेजारी बसेन. तू आली नाहीस तर दादाच्या मनाला फार लागेल.

हे आता बारीकसारीक कुरकुर करतात गुडघ्याची, बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार, शिवांजलीला आशीर्वाद. रागावली असलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी,
क्रांती


आष्टा, १५ जानेवारी २०२६

चि. सौ. क्रांतीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वरचा अर्धा भाग माझ्या बहिणीने लिहिलाय. 'कागद काढलाच तर काय बिघडलं' हे मात्र कुणी सांगितलं तुला? तू एवढी समजूतदार कधी झालीस?

तरी मी येणार आहे. आई शेतात जायची तेव्हा कृष्णातला मी कडेवर घेऊन फिरले. त्याने बोलावलं आणि मी गेले नाही, तर मी त्याला चोर ठरवला असं होईल, आणि ते मला जमायचं नाही. पण बंदोबस्त केलाय. आधार कार्ड कपाटात ठेवून किल्ली यांच्याकडे दिली. नेते आहे ते मतदानाचं कार्ड. चष्माही घरीच ठेवतेय. बिनचष्म्याच्या बाईला न वाचता सही कर म्हणायचं धाडस सुभेदाराच्याही अंगात नसतं, आणि आपला भाऊ तर हवालदार म्हणून सुटलाय.

शिवांजली हसली. म्हणाली, आत्याबाई, तुम्ही सहलीला चाललाय का कोर्टात. मी म्हटलं, परत आल्यावर सांगते.

तुझ्यावर लोभ आहेच, सध्या जरा लक्षही आहे.
तुझी,
अक्का


आष्टा, ३० जानेवारी २०२६

सौ. क्रांतीस,

आशीर्वाद नेहमीचे आहेतच, पण या वेळी ते घेण्याआधी हे शेवटपर्यंत वाच.

गेल्या शुक्रवारी म्हसव्याला आपण चौघं उतरलो. झाड खरंच बघण्यासारखं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. किती पिढ्यांची गुरं त्या सावलीत बसली असतील. मूळ खोड कुठलं म्हणून मी तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, त्याच्या आज्यालाही ते ठाऊक नव्हतं. मालन पोळ्यांचा डबा उघडत होती. कृष्णात मात्र झाड बघत नव्हता. काळी रेक्झिनची बॅग मांडीवर घेऊन तो माझ्या शेजारी दगडावर बसला आणि हळूच काहीतरी बोलला. मी काय म्हणून विचारलं. तो जरा मोठ्याने बोलला. मी पुन्हा काय म्हटलं. तिसऱ्यांदा त्याला ओरडावं लागलं असतं, आणि पलीकडे शाळेची दोनशे पोरं जेवायला बसली होती. त्याने तुझ्याकडे बघितलं. तू उठलीस आणि पारंब्या बघायला निघून गेलीस.

मी खरं सांगते, मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. तो म्हणाला होता, "अक्का, वाईत तेवढी एक सही हुती."

मग वाईत शिरल्यावर तो दोन मिनिटांचं काम म्हणून उतरला. कचेरीच्या दारात एक माणूस फाईल घेऊन उभा होता, त्याला त्याने हात जोडून परत पाठवलं. ते मी गाडीतून बघितलं. लांबचं मला चष्म्याशिवायही दिसतं. लॉजवाल्याने खरोखरच आधार कार्ड मागितलं, तेव्हा क्षणभर मला माझी लाज वाटली. शनिवारी घाटावर कृष्णात लहानपणीच्या गोष्टी काढून इतका हसला, की मी सगळं विसरायला निघाले होते. त्या संध्याकाळी मालनने आपल्या दोघींपुढे साड्या ठेवल्या. मी घेतली नाही. साडी घेतली की सही आली, एवढंच डोक्यात होतं. मालनचा चेहरा उतरला. तू मात्र तुझी चटकन उचललीस.

घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. काल शिवांजलीला मोबाईलवर गावचा उतारा काढायला सांगितला. चष्मा लावून मी स्वतः वाचला. त्यात कृष्णातचं नाव आहे, माझं आहे. तुझं नाही.

मी तीनदा वाचलं. मग शिवांजलीला वाचायला दिलं. तिलाही सापडलं नाही.

मी भावावर संशय घेत होते आणि त्याच्या तक्रारी तुझ्याकडे लिहीत होते. तू त्या वाचून मला ताक फुंकायच्या म्हणी सांगत होतीस. लोभाचं काय ते तुझं उत्तर आल्यावर लिहीन.

अक्का


मलकापूर, ७ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पाच दिवस पत्र पदराला बांधून फिरले.

होय, मी सही केली आहे. गेल्या राखीपौर्णिमेला. दादाने जबरदस्ती केली नाही. जयराजने कागद पुढे ठेवला आणि म्हणाला, "आत्या, तुमची काय हरकत न्हाई न्हवं?" सगळं घर बसलेलं. हरकत आहे असं तिथे कोणती बहीण म्हणते? मी वाचलंसुद्धा नाही. सोमवारी कचेरी उघडल्यावर कराडला जाऊन अंगठे दिले. साडी मिळाली, जेवण झालं. मला वाटलं, किती सोपं होतं.

मग भाऊबीजेला गेले. सगळे चांगलंच वागले, तसा शब्दाने कुणी दुखावलं नाही. पण माझी पिशवी पुढच्या खोलीत ठेवली, जिथे पाहुण्यांची ठेवतात. जयराजच्या बायकोने विचारलं, आत्या किती दिवस राहणार. अक्का, त्या घरात मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने सहज विचारलं असेल. मला सहज ऐकता आलं नाही.

नंतर दादा म्हणाला, अक्काचं तेवढं तू बघ, तुझं ऐकेल ती. मी हो म्हणाले. का म्हणाले ते तुला सांगायचं म्हणूनच हे पत्र लिहायला इतके दिवस लागले. एकटीने सही केली की बाई भोळी ठरते. दोघींनी केली की ती रीत होते. मला भोळं ठरायचं नव्हतं, म्हणून तुला माझ्यासारखी करायला निघाले होते.

वडाखाली दादाने बघितलं तेव्हा मी तुझ्या कानात सांगायचं, असं ठरलं होतं. माझे पाय उठले ते उलट्या दिशेला. एवढी एकच गोष्ट मी नीट केली. आणि मालन वहिनीवर राग धरू नकोस. बॅगेत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. साडी तिने स्वतः सांगलीला जाऊन तुझ्यासाठी निवडली होती.

आता मी तुझ्याकडे लोभ मागत नाही. शिल्लक असेल तर असू दे.

क्रांती


आष्टा, १४ फेब्रुवारी २०२६

चि. कृष्णात यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू फौजेत असताना मी तुला दर महिन्याला पत्र लिहायचे. त्यानंतर हे पहिलंच. जयराजला वाचायला देऊ नकोस, आधी तू वाच.

प्रथम मालनला सांग, तिची साडी घ्यायला माझा हात आखडला, ती माझी चूक झाली. तिने परत केली नसेल तर माझ्यासाठी ठेवावी. मी येऊन नेसणार आहे.

क्रांतीने मला सगळं लिहिलंय. तिला एका शब्दाने बोलायचं नाही. मी रागावले होते, चार दिवस जेवण गोड लागलं नाही. पण विचार केला, घरातली सगळी माणसं एका बाजूला बसवून एका बाईपुढे कागद ठेवला, तर ती दुसरं काय करणार? तिथे मी असायला हवं होतं. राखीला मी आले नाही, गुडघे धरून घरी बसले, तो माझा दोष.

आता माझं म्हणणं ऐक. क्रांतीचा हिस्सा तू बक्षीसपत्राने तिला परत लिहून द्यायचा. वकिलाला विचारलंय, होतं तसं. आम्ही दोघी वाटणी मागणार नाही, बांध घालणार नाही, ऊस कुणाच्या नावाने कारखान्याला जातो ते विचारणार नाही. जयराजला जेव्हा जेव्हा सही लागेल, तेव्हा त्याने आष्ट्याला यायचं, चहा प्यायचा आणि सही घेऊन जायची. आत्याच्या घरी वर्षातून दोनदा आला म्हणून त्याचा ऊस वाळत नाही. उताऱ्यावर आपण तिघं राहू, म्हणजे तुझ्या घरी गेल्यावर क्रांतीला किती दिवस राहणार असं कुणी विचारणार नाही. विचारलं, तरी तिला लागणार नाही.

तू हे करशील का, मला माहीत नाही. पूर्वी मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की माझा कृष्णात करील. आज तसं सांगता येत नाही, आणि जमिनीपेक्षा हेच मला जास्त लागलंय.

माझी सही मात्र तुला मिळणार नाही. त्यासाठी तू गाडी केलीस, लॉज घेतलंस, दीडशे किलोमीटर नेऊन झाड दाखवलंस आणि धाकटीला माझ्या कानाशी बसवायला निघालास. एवढं कशाला केलंस रे? एखाद्या सकाळी आष्ट्याला येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसला असतास आणि म्हणाला असतास, अक्का, सही दे, तर चुलीवरचं उतरवून, हात पुसून, मी न वाचता केली असती.

उत्तर लिही. आशीर्वाद मागे घेता येत नाहीत, ते आहेतच.

तुझी,
अक्का