यादीत नसलेला देश

बाबा, तुमच्या लाकडी पट्टीने मोडलेली माझी करंगळी अजून वाकडीच आहे, आणि इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटच्या थंडीत ती ठणकते. सातवीत होते मी. काकांनी आखातातून आणलेल्या अ‍ॅटलासात बघून मी नकाशात सायप्रस बेटाचे दोन तुकडे केले होते आणि वरच्या तुकड्याला वेगळा रंग दिला होता. शाळेत तुम्ही बाबा नव्हता, भूगोलाचे सर होतात. "पुस्तकात आहे का हा देश? नाही ना? मग नाहीच!" असं म्हणत तुम्ही पट्टी उभी धरून मारत राहिलात. हाड मोडलं तरी थांबला नाहीत. घरी आई हळद लावत होती आणि तुम्ही शेजारी बसून शांतपणे भाकरी खात होतात. त्या भाकरीचा मला मारापेक्षा जास्त राग येतो.

परवा दुपारी मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत ड्यूटीवर होते. लाकडाच्या कारखान्यात डाव्या हाताची दोन बोटं करवतीत चिरलेला पन्नाशीचा एक माणूस आला. मी तात्पुरतं बँडेज बांधलं आणि जन्माचा देश विचारला. "ट्रान्सनिस्ट्रिया," तो म्हणाला. मोल्दोवातून फुटून निघालेला, नदीकाठचा चिंचोळा प्रदेश. स्वतःचा झेंडा, स्वतःचे पोलीस, स्वतःच्या नोटा, पण जगातला एकही देश त्याला देश मानत नाही. आमच्या कॉम्प्युटरच्या यादीतही तो नाही. पासपोर्ट मोल्दोवाचा होता, म्हणून मी मोल्दोवा टाकलं आणि फॉर्म सहीला पुढे केला.

त्याने ते नाव इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. "लढाईत माझ्या भावाला पुलावर या मोल्दोवावाल्यांनीच गोळी घातली. त्याच्या कवटीचे तुकडे मी टोपीत गोळा केले. आणि तू मला त्यांचा म्हणतेस?" फाटक्या कागदावर तो स्वतःच्या देशाचं नाव लिहायला लागला. "असा देशच नाहीये!" मी ओरडले, अगदी तुमच्या आवाजात. मग त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. दात तुटला, ओठ फाटला, मी ट्रॉलीवर आपटले. सिक्युरिटीवाल्यांनी त्याला लोळवेपर्यंत तो मारतच होता. लादीवर त्याचं रक्त कुठलं आणि माझं कुठलं, कळत नव्हतं.

तो वर्क व्हिसावर आहे. गुन्हा शाबीत झाला तर त्याला परत पाठवतील, आणि पाठवतील ते मोल्दोवालाच. पोलिसांच्या फॉर्मवरही तेच नाव आहे म्हणून तो तोंडच उघडत नाही. माझं स्टेटमेंट टाइप होऊन आलंय, उद्या सही करायची. नवरा म्हणतो, "सही कर आणि मोकळी हो गं. असं कितीतरी नर्सेसना होतं, पण तू काय पंचिंग बॅग आहेस का?"

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणूनच लिहू शकतेय. वर मी मधली एक गोष्ट गाळली, स्टेटमेंटमध्येही ती नाही. पडदा ओढलेला होता, कुणी पाहिलं नाही. तो देशाचं नाव लिहीत होता ना, तेव्हा मी हातातला क्लिपबोर्ड उभा धरला आणि त्याच्या बँडेज बांधलेल्या बोटांवर हाणला. दोनदा.