आईच्या टोमॅटोंना फळ धरेना

ओडेन्से, २८ जुलै

प्रिय अनेलीस,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, एवढंच मला पुष्कळ झालं. फोन करायचं धाडस झालं नाही. तू मध्येच ठेवून दिला असतास, आणि त्यात तुझं काही चुकलंही नसतं. आधी बागेचं सांगते, कारण घाई तिची आहे.

मार्चमध्ये मी आईचे पिवळे टोमॅटो पेरले. कॉफी गाळायच्या कागदावर वाळवलेल्या बिया होत्या, आईने शेवटच्या उन्हाळ्यात ठेवलेल्या. मागच्या वर्षी आपल्यापैकी कुणी बागेकडे फिरकलंच नाही, बिया जुन्या झाल्या, म्हणून मी घाबरून सगळ्याच पेरल्या. चौदा उगवल्या. आता घरात एकही बी शिल्लक नाही आणि ही जात बाजारात मिळत नाही, तुला माहीत आहे. यंदा फळ धरलं नाही तर आईचा टोमॅटो संपला.

आणि फळ धरत नाही. झाडं काचघराच्या छताला टेकलीत, फुलं भरपूर येतात, मग देठ पिवळा पडतो आणि फूल गळून खाली येतं. रोज सकाळी मी फरशीवरची फुलं झाडून काढते. शेजारचा स्वेन-ऑगे कुंपणावरून बघत असतो. पोस्टमनकीतून सुटला, पण दुसऱ्याच्या दारात डोकावायची सवय काही सुटली नाही. परवा मला म्हणाला, "बाईसाहेब, यंदा पाल्याचीच कोशिंबीर का?" मी म्हटलं, तुझ्या कुंपणाची उंची मोजायला बागांच्या समितीला बोलावू का? तेव्हा कुंपणाआड झाला. पण माणूस वाईट नाही. कुजवलेल्या पाल्याचं पाणी देणं त्यानेच बंद करायला लावलं, त्या पाण्याने नुसती पानं माजतात म्हणाला. सकाळी सहालाच काचघराचं दार उघडायलाही त्यानेच शिकवलं, कारण आत ऊन कोंडलं की पराग मरतात. सगळं केलं. तरी फुलं गळतातच.

राहिलं ते एकच, आणि ते तुलाही ठाऊक आहे. काचघरात वारा नाही, भुंगे येत नाहीत, तेव्हा फुलं हलवावी लागतात. आई चर्चची बाराची घंटा झाली की लाकडी चमचा घेऊन आत जायची आणि प्रत्येक झाडाच्या काठीवर तीनदा ठोकायची. "उठा गं बायांनो, दुपार झाली." आपण दोघी बाहेर बाकावर बसून हसायचो. तू तर तिची नक्कल करून मला ठोकायचीस.

मला ते ठोकता येत नाही. जूनपासून मी रोज बाराला चमचा घेऊन आत जाते, काठीसमोर उभी राहते आणि परत येते. स्वेन-ऑगेने आपला जुना विजेचा दात घासायचा ब्रश देऊ केला, त्याच्या गुणगुणण्यानेही पराग झडतात म्हणे. तोही घेतला नाही. माझं मी नुसतं हाताने झाड हलवायला गेले, तर काठी काचेवर आपटली आणि ठक असा आवाज आला. मी बाहेर पळाले. थेट अंगणापर्यंत, अडुसष्ट वर्षांची बाई.

खरं सांगते, अनेलीस, हा आवाज फक्त काचघरात येत नाही. भांडी धुताना येतो. गाडीत येतो, इंजिन बंद केल्यावर. तीन ठोके, मग थोडं थांबून पुन्हा तीन. दरवेळी आतून येतात, दाराच्या पलीकडून. कान तपासले, कानात काही नाही. मला भीती वाटते, आणि भुताची वाटत नाही. आवाज कुठला आहे ते मला नक्की माहीत आहे, म्हणून वाटते.

तो फेब्रुवारीतला मंगळवार. आईकडे जायची मंगळवारची पाळी तुझी. तुला ताप होता, तू सकाळी फोन करून मला जायला सांगितलंस आणि मी हो म्हटलं. मी गेले होते. अकराच्या सुमारास आईच्या दारात उभी होते, पिशवीत पाव आणि किल्ली. रविवारीच मी तिची कपाटं न विचारता लावली होती आणि ती माझ्यावर भडकली होती. तुला तिचा नियम माहीतच आहे, आपल्या सगळ्यांचाच तो आहे: किल्ली अडीअडचणीसाठी, एरवी दार वाजवायचं आणि उघडलं तरच आत जायचं. मी तीनदा ठोकलं. आतून तीन ठोके आले. रुसली की ती भिंतीवर ठोकून आपल्याला हाकलायची ना, मला वाटलं तेच आहे. मी पुन्हा ठोकलं, पुन्हा तीन आले, जरा हळू. मला राग आला. म्हटलं, बस रुसून. पाव पायरीवर ठेवायचाही राहिला, तो मी घरी नेऊन खाल्ला.

डॉक्टर म्हणाले होते, सकाळी पडली आणि संध्याकाळपर्यंत जिवंत असावी. ती मला जा म्हणत नव्हती.

बुधवारी तू अंगात ताप घेऊन गेलीस आणि ती तुला सापडली. दफनानंतरच्या कॉफीच्या वेळी गेर्डामावशीने विचारलं, मंगळवार कुणाचा होता? सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "मी बिर्थेला फोन केला होता." आणि मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मला फोन आला नाही."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुझा स्वतःवरचा विश्वास उडताना मी पाहिला. तापात आपणच विसरलो की काय, असं तुला वाटायला लागलं, आणि मी ते वाटू दिलं. दीड वर्ष. सगळे तुला टाळत होते आणि मी मोठी बहीण म्हणून समजुतीने मान हलवत होते. याची मला लाज वाटते, आणि लाज हा शब्दही मला फार सोयीचा झाला. तू फोन केला होतास, अनेलीस. आठ वाजून दहा मिनिटांनी. तू खोकत होतीस.

हेच मी काल गेर्डामावशीला लिहून कळवलं. त्या दिवशी कॉफीला असलेल्या मोर्टेन आणि लिसेलाही पत्रं टाकली. तुझ्याकडे हे पोचेल तोवर त्यांना कळलेलं असेल, म्हणजे तुला कुणाला काही पटवून द्यावं लागणार नाही. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तरी एक मागते, स्वतःसाठी नाही असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. झाडांवर आता शेवटचे घोस फुललेत. पंधरा ऑगस्टनंतर धरलेलं फळ थंडीआधी पिकत नाही. तू येऊन त्यांना ठोक. फाटकाची किल्ली स्वेन-ऑगेकडे आहे. तू येशील तेव्हा मी बागेत नसेन, त्याच्या व्हरांड्यात बसेन, म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. तिथून काचघर वीस पावलांवर आहे, सगळं ऐकू येतं. तुझं काम झालं की निघून जा. पण आतून मला हाक मारावी असं तुला वाटलं, रागाने का होईना, तर मार. या वेळी मी उठून येईन.

तुझीच, तुला हवी असले तर,
बिर्थे