बाईंचा मोकळा तास

प्रिय खारूताई,

पाकीट बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत, निदान मानेपासून खाली तरी. या जमान्यात आई पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. पण फोन हातात घेतला की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात. मोबाईल घेऊन जिन्यात गेले तर पाठोपाठ जिन्यात येतात. शिवाय तोंडाने सांगायला गेले की मुद्द्यावर यायच्या आधीच मी रडायला लागते आणि मग तू तिकडून नुसती आई, आई करत राहतेस. म्हणून आज ते अंघोळीला गेले की थोडं, दुपारी डुलकी लागली की थोडं, असं तुकड्यातुकड्यांनी लिहितेय.

तर, लॅपटॉप. तुझ्या पिल्लूचा चेहरा दिसेनासा झाला, आठवतं ना? जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लागायचा बंद झाला आणि वर रोज सकाळी तो संदेश, की तुमची सिस्टीम आता सुरक्षित नाही, नवीन घ्या. रोज! दारात येऊन बेल वाजवणारा विक्रेता परवडला, त्याला हाकलता तरी येतं. तू म्हणालीस, आई, लॅपटॉप चांगला आहे, फेकू नकोस, फक्त सिस्टीम अपग्रेड कर, मी फोनवर सांगते तसं करत जा. मी वही घेतली, तू सांगितलेली प्रत्येक पायरी लिहून काढली. पाचवी पायरी तू दोनदा सांगितली होतीस आणि मी तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: बाबांचा वेळापत्रकाचा प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर चालेल का, ते आधी दुकानात विचारून ये.

तो प्रोग्रॅम तुला माहीतच आहे. वीस वर्षांपूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीसाने खास बाबांसाठी बनवला होता. अठ्ठावीस शिक्षक, दिवसाचे आठ तास, आणि एकच शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत टाकला गेला की चौकोन लालभडक. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी सरांची सकाळ त्यानेच सुरू व्हायची. हो, मी अजून त्यांना सरच म्हणते, आणि ते मला बाई. गणित शेवटच्या तासाला द्यायचं नाही, मधल्या सुट्टीनंतर लगेच कवायत नाही. सगळे नियम त्यांना तोंडपाठ. काल कोण येऊन गेलं ते आठवायचं नाही, पण भूगोलाच्या बाईंना सोमवारी उशीर होतो हे पक्कं ठाऊक. त्या भूगोलाच्या बाई जाऊन चार वर्षं झाली. मी चहा ठेवायचे.

आणि रोज एकदा मला विचारायचे, बाई, गुरुवारचा तिसरा तास तुमचा मोकळाच ठेवू ना? तुला हे सांगितलं होतं का कधी? मी चित्रकला शिकवायला त्या शाळेत लागले, तेव्हा वेळापत्रक हेच लावायचे. वर्षभर माझा आणि यांचा गुरुवारचा तिसरा तास एकदमच मोकळा! मला वाटायचं योगायोग आहे. शिक्षकांच्या खोलीत समोरासमोर बसून आम्ही वह्या तपासायचो आणि हे एकही शब्द बोलायचे नाहीत. सहावा महिना लागला तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. असा हा माणूस.

अपग्रेड करायला बसले त्या दिवशी सर फिरायला गेले होते. मी पायऱ्या करत गेले. पाचवी आली. दुकान कोपऱ्यावर, पण बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि कंबर धरलेली. मी म्हटलं, बघू पुढे. पुढे पडद्यावर स्वच्छ लिहून आलं, की काही जुने प्रोग्रॅम यानंतर चालणार नाहीत, पुढे जायचं का? चष्मा पुसून मी ते दोनदा वाचलं. आणि हो वर दाबलं.

दोन तासांनी लॅपटॉप नव्या नवरीसारखा नटून बसला. पिल्लू दिसली, तिचा पडलेला दात दिसला, मला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर बसले. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. काहीच उघडेना. पडद्यावरची चित्रंही जागची हललेली. अर्धा तास मी ओट्यापाशी पाठमोरी उभी होते आणि मागून फक्त त्या बटणाची टिकटिक. मग ते हळूच म्हणाले, बाई, हे कसं उघडायचं ते मला आठवत नाहीये.

तेव्हाच बोलायला हवं होतं. अगं, पण मी म्हटलं, दुरुस्त करून आणते, मग सांगते, कशाला उगाच. कंबर बरी होईपर्यंत आणि दुकान उघडं सापडेपर्यंत बारा दिवस गेले. दुकानदार भला माणूस, त्याने सगळं करून पाहिलं. शेवटी म्हणाला, काकू, दहा दिवसांच्या आत आणला असता तर जुनी सिस्टीम एका बटणावर परत आली असती. आता ती पुसली गेली. कपाळ माझं.

घरी येऊन मी सगळं कबूल केलं. सर, तुम्ही काही विसरला नाहीत, मशीन बदललंय, मी बदललंय. दुकानाची पावतीसुद्धा दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, ग्रेस मार्क नकोत बाई, नापास झालो ते झालो. मी रडले, ओरडले, लॅपटॉप आपटायचा तेवढा बाकी ठेवला. जितकं पटवावं तितकं त्यांना वाटतं की मी त्यांचं मन राखतेय. जन्मभर खरं बोलून शेवटी ही गत, हात टेकले मी.

आणि नापास म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्या दिवशी त्यांनी आपल्या दोघींकडून शब्द घेतला होता. ज्या दिवशी मला वेळापत्रक लावता येणार नाही, त्या दिवशी मला विसराळू लोकांच्या त्या निवासात पाठवा, बाईंची फरफट नको. आपण दोघी तेव्हा हो म्हणून मोकळ्या झालो. आता त्यांनी स्वतः फोन करून खोली ठरवलीय. अर्जात कारण विचारलंय, तिथे लिहिलंय: तास लावता येत नाहीत. सोमवारी सकाळी दहाला निवासाची गाडी येणार आहे. शर्टांच्या कॉलरमध्ये स्वतःचं नाव लिहून झालंय, बॅग दारापाशी उभी आहे.

आता एक सांगते, ते फक्त तुला. मी हो दाबलं तेव्हा मला तो शब्द आठवत नव्हता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. रोज सकाळी मेलेल्या माणसांचे तास ऐकून मी थकले होते गं. एक सकाळ, एकच सकाळ गप्प चहा प्यावा असं वाटलं होतं. आता रोज गप्प चहा पिते, आणि तो घशाखाली उतरत नाही.

काल त्यांनी फ्रिजवर एक कागद चिकटवला. आलेखाच्या वहीचं पान फाडून, पट्टीने रेघा मारून, हाताने लावलेलं वेळापत्रक. शिक्षक एकच, मी. ते गेल्यावर मी कसं राहायचं त्याचे सहा दिवस, आठ-आठ तास. कंबरेचे व्यायाम, औषध, भाजी, खारूताईला फोन. कंबर धरते म्हणून व्यायामानंतर लगेच भाजी आणायला जायचं नाही. एकही तास दुसऱ्यावर चढलेला नाही. गुरुवारच्या तिसऱ्या तासात लिहिलंय: मोकळा, यायचं असेल तर निवासात या. मी म्हटलं, सर, हे लागलं की वेळापत्रक! तर म्हणाले, एका माणसाचं कुणीही लावेल. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कॉम्प्युटरमधलं त्यांना तुझंच पटतं, माझं नाही. रविवारपर्यंत ये, त्यांच्यासमोर बस, पाचवी पायरी आईने गाळली हे माझ्यादेखत सांग, आणि हा कागद तपासून, लाल पेनने खाली पास लिहून त्यांच्या हातात दे. मी लिहिलं तर ते ग्रेस मार्क होतात.

वाट बघणारी, तुझीच,
आई