जिन्याला कापडी फाटक

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची नात बटण परवापासून रांगायला लागली. तुम्हाला आणि आईला आनंद होईल म्हणून हे आधी लिहिलं. मला मात्र तेव्हापासून धड जेवण गेलेलं नाही. कारण जिना.

तुम्ही हे घर पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. घर भाड्याचं आणि जुनं. खाली स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि न्हाणीघर, मध्ये तेरा लाकडी पायऱ्या. वरच्या तीन वळणावर आहेत: एका बाजूला ऐसपैस, दुसऱ्या बाजूला अंगठाही टेकणार नाही इतक्या निमुळत्या. खालच्या तोंडाला दार आहे, त्याला कडी आहे, ते निभेल. वरचं तोंड सताड उघडं. कठड्याच्या गजांमधून बटणचं डोकं जाईल का हे पाहायला मी माझ्या कामावरच्या चष्म्याच्या दुकानातली मोजपट्टी आणून, ती झोपलेली असताना तिचं डोकं मोजलं. जात नाही. तरी कठड्याला जुनी चादर बांधून टाकली आहे. तुमचे जावई हसतात. बस डेपोत इंजिनं खोलणाऱ्या माणसाला घरातलं सगळं सोपंच वाटतं.

बाजारातून तयार फाटक आणलं होतं. ते दोन्ही बाजूंनी दाबून बसवायचं असतं, आणि आमचे खांब गोल, कोरीव. जरा ढकललं की सटकतं. भोकं पाडावीत तर घरमालकीणबाईंनी बजावलंय, त्या लाकडात खिळा गेला तर त्याच दिवशी सामान बाहेर. तशा त्या वाईट नाहीत. जिना त्यांच्या सासऱ्यांनी स्वतः केलेला आहे.

१ मार्चला मला कामावर हजर व्हायचंय. बटणला सांभाळायला सासूबाई रोज येतील, पण त्यांची बोटं सांधेदुखीने आखडलेली. तोवर जिन्याचं काही जमलं नाही तर तळमजल्यावरचं घर घ्यावं लागेल. ते मिळतंय शहराबाहेर, म्हणजे माझी नोकरी गेल्यातच जमा.

बाबा, तुम्ही चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत. खांबांना बांधता येईल असं जाड कापडाचं फाटक शिवाल का? रुंदी तेहतीस इंच, उंची तीस.

आईला नमस्कार. लोभ असतोच, या खेपेला घाईही असू द्या.
तुमची,
टाचणी


९ फेब्रुवारी

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी आई म्हणाली की या मुलीला भीती वाटली की ही आधी मोजपट्टी शोधते, अगदी बापावर गेली आहे. मी म्हटलं, नाक तर तुझं घेतलंय, तेवढं तरी माझं राहू दे.

दुकान बंद केल्यापासून मशीनवर चादर टाकलेली होती. ती काल काढली. तंबूचं कापड दुहेरी घेतलंय. त्यात दोन सुया मोडल्या, तिसरी टिकली. दोन्ही कडांना नेफे केलेत, त्यात उभ्या काठ्या सरकव. प्रत्येक काठीला वर, मध्ये, खाली असे पट्टे आहेत, ते खांबाला आवळायचे. एका बाजूचे पट्टे कायमचे, दुसऱ्या बाजूचे रोज उघडायचे. लाकडाला ओरखडाही उठणार नाही. मालकीणबाईंना आधी दाखव, म्हणजे नंतर कुरबुर नको.

माप दोनदा तपासलंय. निर्धास्त राहा. जावईबापूंना सांग, हे इंजिन नाही, त्यात हात घालू नका.

बटणच्या गालाचा पापा घे आणि तो माझ्या नावावर लिही.
तुझे,
बाबा


१७ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. टीप इतकी सरळ आहे की मालकीणबाई चष्मा वर करून पाहत राहिल्या. त्यांची परवानगी मिळाली.

आता वाईट बातमी. पट्टे कितीही आवळले तरी फाटक मधून झोळीसारखं लोंबतं. मुद्दाम पाहावं म्हणून मी दोन पायऱ्या खाली उभी राहिले आणि बटणला वर सोडलं. तिने डोकं खाली घातलं, कापड उचललं आणि हसत हसत बाहेर आली. मी पकडली. मग तिला घेऊन तिथेच पायरीवर बसले आणि रडले.

नंतर मोजलं. फाटक सदतीस इंच भरलं. यात माझी चूक आहे, ती लपवणार नाही. खांबांमधलं अंतर एकतीसच आहे. नेफ्यांत कापड जाईल म्हणून सवयीने दोन इंच मीच वाढवले आणि तुम्हाला सांगायला विसरले. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजणारी मी! पण बाबा, उरलेले चार इंच कुठून आले, ते मला काही केल्या कळत नाही.

तळमजल्याचं ते घर काल पाहून आले. अंधारं आहे, पण जमीन सपाट आहे. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचंय. हे म्हणतात घाई नको. मी म्हणते, उशीर नको.

रागावू नका, किंवा रागवा, पण पत्र पाठवा.
तुमची,
टाचणी


२१ फेब्रुवारी

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

चार इंच माझे. सांगायला लाज वाटते. कापताना मनात एकच होतं, की हे लहान मुलीचं आहे. वाढत्या अंगाचं शिवायची चाळीस वर्षांची सवय, हाताने आपोआप सैल धरलं. तुझी आई ऐकून खुर्चीत बसून हसत होती आणि विचारत होती की फाटक पुढच्या वर्षी कितवीत जाणार.

आता ऐक. एका बाजूचा नेफा उसव, सहा इंच आत घे, दुहेरी टीप मार. जाड दोरा आणि सुई सोबत पाठवली आहे. टाचणी असलीस तरी शिवायला तुला मीच शिकवलंय.

आईचा निरोप वेगळा आहे. ती म्हणते, फाटक हवंच, पण मुलीला उतरायलाही शिकवा. दुकानाच्या माळ्याची शिडी तू वर्षाची व्हायच्या आत उलटी उतरायचीस, आधी पाय, मग पोट. आईने तुला रोज दहा वेळा वळवलं होतं. तू फार रडायचीस, आणि वळवायचं थांबवलं की आणखी रडायचीस.

त्या घराला इतक्यात हो म्हणू नकोस. आमच्यासाठी एवढं कर.
तुझे,
बाबा


१२ मार्च

ती. बाबांना आणि आईला,
सा. न. वि. वि.

सहा इंच आत घेतले. फाटक आता तबल्यासारखं ताणलेलं बसतं. बटणला मी रोज शेवटच्या तीन पायऱ्यांवर वळवते. तीही रडते, थांबवलं की आणखी रडते.

पण परवा जे झालं ते सांगायलाच हवं. कामावरून आले तर चपला काढायच्या आत सासूबाई म्हणाल्या की आधी माझं ऐकून घे, मग काय म्हणायचं ते म्हण. दुपारी हातात धुतलेले कपडे होते, म्हणून त्यांनी फाटक उघडंच ठेवलं. वळून पाहतात तर बटण वरून दुसऱ्या पायरीवर, पालथी, पायाच्या अंगठ्याने खालची पायरी चाचपत होती. त्या ओरडल्या नाहीत. कडेने खाली उतरल्या, तिच्या मागे बसल्या, हात धरला नाही, नुसता मागे ठेवला. अकरा पायऱ्या दोघी तशा उतरल्या. खाली पोचल्यावर बटणने टाळ्या वाजवल्या आणि सासूबाईंना रडू फुटलं. उद्यापासून येऊ नका म्हणालीस तरी वाईट वाटून घेणार नाही, असं म्हणाल्या.

त्यांना घेऊन मी तशीच वर गेले. बोलायला तोंड उघडलं आणि नजर फाटकावर गेली. बाबा, तुमच्या तीन पट्ट्यांवर माझा विश्वास बसला नव्हता. मी आणखी चार शिवले होते, प्रत्येकाला घट्ट बक्कल. सात बक्कलं! त्या आखडलेल्या बोटांनी ती माउली दहा दिवस दिवसातून वीस वेळा सात बक्कलं उघडत होती आणि लावत होती, आणि तक्रारीचा एक शब्द नाही.

मी कात्री आणली. त्यांच्यासमोरच माझे चारही पट्टे उसवले. तुमच्या तिन्हींची बक्कलं काढून तंबूला असतात तसे मोठे आकडे लावले. सासूबाईंनी एका हाताने उघडून, लावून दाखवलं, दुसऱ्या हातात बटण होती. तळमजल्याच्या घरासाठी मुदत वाढवून घेतली होती, त्यांना आता नको म्हणून कळवलं आहे.

आज सकाळी निघताना मी बटणला वरच्या खोलीत जमिनीवर ठेवलं आणि जिना उतरले. रोज मी दारातून तीनदा परत वर जाते. आज एकदाच गेले. आकडे लागलेले होते. पलीकडे दोघी कसला तरी डबा उघडण्यात इतक्या गुंतल्या होत्या की माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. आपल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही याचा इतका आनंद मला पहिल्यांदाच झाला, आणि बस चुकली.

आईने एकदा येऊन जिना पाहावा. माझी काळजी थोडी कमी करा, माया तेवढीच राहू द्या.
तुमची,
टाचणी