बाईंनी पुन्हा बोलावलंय

५ ऑगस्ट

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

रात्रपाळी संपली का? तिकडच्या इस्पितळात नर्सना धड बसायलाही मिळत नाही म्हणालीस, तेव्हापासून तुझे पाय डोळ्यांसमोर येतात. मी ठीक आहे. तुझी टिकली ठणठणीत. तिचा पुढचा दात पडला आणि आता ती 'स' म्हणायचं टाळते. मजा येते ऐकायला.

फोनवर ती माझ्या मांडीवरच असते, म्हणून हे कागदावर लिहितोय. तिच्या नव्या बाई मला सारख्या शाळेत बोलावतात. प्राथमिक शाळेत पालकांची सभा वर्षातून दोनदा पुरे, सहामाही झाल्यावर एकदा आणि वार्षिकच्या आधी एकदा. मी मुख्याध्यापक होतो तेव्हा याहून जास्त कधी घेतली नाही आणि कुठल्या पोराचं अडलं नाही. या बाई मात्र दर आठवड्याला चिठ्ठी धाडतात. इतर पालकांकडे सहज चौकशी केली. त्यांना एकदाही बोलावणं नाही.

बरं, बोलावून विचारतात काय? पाढे नाही, शुद्धलेखन नाही. "सर, घरी स्वयंपाक कोण करतं? तुमची झोप होते का? तुम्ही औषधं वेळेवर घेता ना?" मी म्हटलं, "बाई, परीक्षा टिकलीची आहे की माझी?" त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "काल टिकलीचा डबा रिकामा होता."

"खाल्ला असेल."

"सकाळी प्रार्थनेच्या आधीच?"

मुलं वाटेत खातात. पण मनी, असले प्रश्न कोणाच्या कामाचे असतात, ते तुला सांगायला नको. टिकलीचा ताबा मागणाऱ्या तिच्या वडिलांच्या. हा माणूस गप्प बसलाय, तेच मला खटकतंय.

तब्येतीला जप.
तुझे बाबा

१२ सप्टेंबर

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

तुझा पार्सलचा डबा मिळाला. स्वेटर टिकलीला थोडा मोठा होतो, पण ती काढायला तयार नाही.

माझा संशय खरा ठरतोय. परवा शाळेच्या फाटकाशी बाई एका माणसाशी बोलत होत्या. त्याची माझ्याकडे पाठ होती, पण एक खांदा पाडून उभं राहायची ती ढब मी चांगली ओळखतो. मी जवळ जाईपर्यंत तो निघून गेला. "कोण होतं?" विचारलं तर बाई म्हणाल्या, "पंखे दुरुस्त करणारे." मी बरं म्हटलं. पंख्यांबद्दल इतकं काय बोलायचं असतं?

रविवारी तर बाई घरीच आल्या. म्हणे इथून जात होते, म्हटलं डोकवावं. पाणी मागितलं आणि मी आणायला उठलो, तर माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात. ओट्यावर करपलेलं पातेलं होतं. दाराशी कोणी आलं की दूध विसरतं माणूस. तुझी आईसुद्धा विसरायची. बाईंनी गॅसचं बटण बंद आहे की नाही ते हात लावून पाहिलं. माझ्या घरात, माझ्यासमोर.

टिकलीला विचारलं, "बाई तुला घरातलं काय काय विचारतात?"

"काही नाही."

"खरं सांग."

"काही नाही म्हटलं ना, आजोबा." आणि गृहपाठात तोंड खुपसून बसली. खोटं बोलणाऱ्या मुलाची मान कशी होते, ते ओळखण्यात माझी सगळी नोकरी गेली. आमच्या पोरीला कोणीतरी फितवलंय.

आता ऐक. बाईंनी नवीन टूम काढली आहे. सगळ्याच वर्गांची पालकसभा दर महिन्याला घ्यायची. त्यावर शाळेत सगळ्या पालकांची बैठक आहे आणि मी बोलणार आहे. दर महिन्याला सभा म्हणजे दर महिन्याला घरात नाक खुपसायचा परवाना.

आणखी एक. गुरुवारची काही गोष्ट बाईंनी तुला कळवली, तर तिखटमीठ लावून कळवतील. टिकलीला शाळेतून आणायला जायला मला थोडा उशीर झाला, एवढंच. काळजी करू नकोस आणि त्यावरून फोन करू नकोस.

तुझे बाबा

टिकलीने सांगितली ती तारीख, ३० सप्टेंबर

प्रिय मनी,

हे पत्र सावकाश वाच. जमलं तर ड्यूटी संपल्यावर.

बैठक झाली. हॉल भरला होता. मी उठलो आणि चांगलं बोललो. रोजंदारीवरच्या माणसाने दर महिन्याला खाडा कसा करायचा, शिक्षकांनी शिकवायचं कधी, सगळं मुद्देसूद मांडलं. मध्ये एक विनोदही केला, की इतक्या सभा घेतल्या तर मुलांपेक्षा पालकांचीच हजेरी जास्त भरेल. लोक हसले. एका मुलाच्या आईने विरोध केला, ती बँकेच्या कामावरून तशीच आली होती. म्हणाली, "दोन सभांच्या मधे मुलाचं काय बिनसतं, ते आम्हाला शेवटी निकालातच कळतं. दहा मिनिटं का होईना, दर महिन्याला भेटा." तिचंही खोटं नव्हतं.

मला उत्तर सुचलं म्हणून मी उठलो. बोलत गेलो. रोजंदारीवरच्या माणसाचं सांगितलं, शिक्षकांचं सांगितलं, विनोद केला. कोणी हसलं नाही. लोक खाली बघायला लागले. पुढच्या बाकावरची एक पालक माझ्याकडे असं पाहत होती, जसं पडलेल्या माणसाकडे पाहतात. मग टिकली मुलांच्या रांगेतून उठून आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आजोबा, हे मगाशी सांगून झालं."

मनी, मला आधीचं काही आठवत नव्हतं. आधी बोललो, लोक हसले, हे जे वर लिहिलंय ते मला नंतर बाईंनी सांगितलं.

सभा संपल्यावर बाईंनी आम्हाला रिकाम्या वर्गात बसवलं. मी सरळ विचारलं, "तुम्हाला कोण पाठवतं? हिचे वडील?"

"मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही, सर."

"मग मला सारखं का बोलावता?"

त्यांनी टिकलीकडे पाहिलं. टिकली रडायला लागली. शेवटी बाईच बोलल्या. टिकलीने जूनमध्येच त्यांना गळ घातली होती, की आजोबांना काहीतरी निमित्त काढून बोलवत जा. शाळेत भेटायचं असलं की आजोबा शाळा सुटायच्या आधीच नीट कपडे घालून येऊन बसतात. नाहीतर मला न्यायला कधी येतात, कधी येत नाहीत. आणि हे आईला सांगू नका, नाहीतर मला बाबांकडे पाठवतील आणि आजोबा एकटे पडतील.

सात वर्षांची आहे ती.

आता गुरुवार. मी उशिरा गेलो नव्हतो, मी वेळेवर गेलो. पण माझ्या जुन्या शाळेत. तिथे आता गोदाम आहे, हे मला ठाऊक आहे, आत्ता लिहितानाही ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र मी फाटकाशी उभा राहून पहारेकऱ्याला दटावत होतो, की घंटा का झाली नाही, मी इथला मुख्याध्यापक आहे. तो बिचारा मला खुर्ची देऊन बसवत होता. इकडे टिकली अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून होती आणि बाई तिच्याजवळ. आणि टिकली त्यांना म्हणत होती, "मीच आजोबांना उशिरा या म्हटलं होतं."

मी बाईंबद्दल तुला काय काय लिहिलं. त्यांना मी तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "मलाही तुमचा संशय आला होता, सर. डबा रिकामा पाहून मला वाटलं, तुम्ही मुलीला उपाशी ठेवता."

सभांबद्दल माझं मत बदललेलं नाही. बाकीच्या घरांना वर्षातून दोनदा पुरे. पण ज्या घरात एक लहान मूल आणि एक म्हातारा एवढेच असतील, तिथे कोणीतरी रोज डोकवायला हवं.

सध्या शाळा सुटल्यावर बाई टिकलीला घरापर्यंत सोडतात. शेजारच्या शिंपीणबाई दोन्ही वेळा गॅस बघून जातात. सोमवारी बाईंबरोबर डॉक्टरांकडे जाणार आहे. तरी हे फार दिवस असं चालवता येणार नाही. तू ये. तिथल्या नोकरीचा करार मोडावा लागला तर मोड. हे पत्र तिच्या वडिलांच्या हाती पडलं तर पोरगी आपल्या हातून जाईल, हे मला कळतंय, आणि तरी लिहून ठेवतोय, कारण उद्या कदाचित मी हे सगळं पुन्हा नाकारीन आणि तुला बाईंच्या नावाने खडे फोडणारं पत्र पाठवीन. तसं पत्र आलं तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. यावर ठेव.

घरी पोचलीस आणि दार उघडून मी "कोण हवंय?" विचारलं, तर दारातच रडू नकोस. नाव सांग आणि आत ये. घर तुझंच आहे.

तुझा बाप